बायजाआत्याची थोरली

माझी बायजाआत्या दगड चाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तिच्याबद्दल मी कितीही चांगलं लिहिलं तरी तुम्ही म्हणाल, ह्या लिहिणाऱ्या म्हातारीनं नेमकी ही गोष्ट लपवली. नदीच्या कडेनं गुरांमागून चालता चालता ती वाकायची, एखादा खडा उचलायची, पदराला पुसायची आणि जिभेचं टोक त्याला लावून डोळे मिटायची. बहुतेक खडे ती लगेच फेकून द्यायची. एखादा मात्र जिभेला चिकटून बसायचा. तो ती हलकेच सोडवायची, जिथून उचलला तिथंच परत ठेवायची, वर मूठभर माती लोटायची आणि पुढे चालू लागायची.

"दगुड जिभंला वळखत न्हाई," ती म्हणायची. "हाड वळखतं. किती का जुनं असंना, धरून ठेवतं बग."

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. थेरगावच्या वरच्या अंगाला, पवनेच्या काठी आमची पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी. मी चौदा-पंधरा वर्षांची आणि सातवी पास. वाडीतली सातवी पास झालेली एकुलती एक मुलगी, त्यामुळे जगात आपल्याला न कळण्यासारखं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत होती. आत्यानं दगड तोंडाजवळ नेला की मी दुसरीकडे बघायचे. मैत्रिणींना सांगायचे, "ती आमच्या वडिलांची बहीण. आमच्याकडे राहते इतकंच." जणू वडिलांची बहीण म्हणजे एसटीत भेटलेली बाई.

आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि भावाच्या घरात नुसतं बसून खायचं नाही म्हणून तिनं वाडीची गुरं राखायला घेतली. उंच, हडकुळी, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, पायात बाप्याच्या वहाणा, हातात बोरीची काठी. ती काठी तिनं कधी गुरावर उगारली नाही. तिच्यावर हनुवटी टेकून ती उभी राहायची, एवढाच त्या काठीचा उपयोग. चाळीसेक जनावरं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. संध्याकाळी ती प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत पोचवायची. एकदा पाटलांची कालवड चिंचवडच्या बाजूला भरकटली. आत्या तशीच उपाशी तिच्यामागे गेली आणि दिवस मावळायच्या आत तिला घेऊन आली. पाटील म्हणाले, "आत्ये, येवढी धावपळ कशापायी? उद्या आणली असती तरी चाललं असतं."

"तुमाला चाललं असतं," आत्या म्हणाली. "तिला इचारलं का? जित्राब सांजच्याला घरी गेलं पायजे."

सगळी वाडी तिला आत्याच म्हणायची, पाटीलसुद्धा. आणि जनावर विकत घ्यायचं झालं की कुणीही आधी तिला गाठायचं, कारण तोंड उघडून वय सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढचे दात सगळेच बघतात. आत्या जीभ बाजूला ओढून पार मागच्या दाढा बघायची. बाजारातले व्यापारी तिला लांबून येताना बघितलं की बैलाचं तोंड दुसरीकडे वळवायचे म्हणे.

आता थोरलीबद्दल. गायरानाच्या खालच्या टोकाला नदीनं दरड कापली होती. चुन्यानं घट्ट धरलेले गोटे, त्याखाली पिवळी माती, आणि त्या मातीत हाडं. दगड झालेली हाडं. दर पावसाळ्यात पुराचं पाणी दरड थोडी खरवडायचं आणि आणखी एखादं टोक बाहेर यायचं. वाडीतल्या लोकांना ती ठाऊक होती, पण त्यांच्या लेखी ते राक्षसाचे दात. कुणाची गुडघेदुखी असली की एखादा तुकडा आणून वैदू उगाळून द्यायचा. आत्याला मात्र कितीतरी वर्षांपूर्वी, एका उन्हाळ्यात तिथं शिंगाचं टोक दिसलं होतं. तेव्हापासून ती त्या सगळ्याला मिळून "थोरली" म्हणायची. आपल्या कळपातली सगळ्यात थोरली, म्हणून थोरली. दरडीशी आली की माती सारखी करायची, उघडं पडलेलं झाकायची. मी एकदा विचारलं, "आत्या, तू हे काढून का घेत नाहीस?" तर म्हणाली, "बसलीय बिचारी. उठवायची घाई कुनाला झालीय?"

घाई मला झाली. ती कशी ते सांगायचं तर आधी शेणाबद्दल सांगायला हवं. नाकाला पदर लावू नका.

गायरानात आम्ही पोरी पाट्या घेऊन शेण गोळा करायला जायचो. रीत अशी, की गाईनं शेण टाकलं की जी पहिल्यांदा त्यात काटकी खोचेल तिचं ते शेण. मग ती तासाभरानं उचलेना का, दुसरीनं हात लावायचा नाही. वाळलेली फांदी, करवंदाची जाळी, मधाचं पोळं, सगळ्याला हाच कायदा. या खुणेवरून वाडीत झिंज्या उपटल्या गेल्या आहेत, पण खूण कुणी मोडलेली नाही. गायरान सगळ्यांचं आणि गायरानातला जिन्नस ज्यानं खूण केली त्याचा. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. तलाठी एकदा म्हणाले होते की नदीकाठ सरकारचा आहे. पाटलांनी विचारलं, "मग सरकार कवा येतं शेण येचायला?" तलाठ्यांनी चहा पिऊन घेतला आणि गेले.

त्याच सुमारास पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली होती. मुरुमाला मागणी आली. मुरमाच्या लॉऱ्या आमच्या दरडीपर्यंत यायला लागल्या आणि त्यांच्या मागून एक दिवस फटफटीवर अप्पा आले. अप्पा पुण्याचे. पांढरी पँट, गोड बोलणं आणि डोळ्यांवर काळा चष्मा. विहिरीच्या खोदकामात निघणारे चमकते खडे, जुनी नाणी, दगडी हाडं, असलं ते गावोगाव फिरून घ्यायचे आणि मुंबईच्या हौशी लोकांना विकायचे. माणूस वाईट नव्हता हो. मला "ताई" म्हणायचा. आयुष्यात मला कुणी "ताई" म्हटलं नव्हतं. वाडीत मी "शकी", आणि आई चिडली की "शके".

आणि तो चष्मा! पिंपरीच्या कँपात, फाळणीनंतर आलेल्या लोकांनी नवी दुकानं मांडली होती तिथं, असल्या चष्म्यांचा पुठ्ठा टांगलेला मी पाहिला होता. एक बाई तो घालून आरशात बघत होती. त्या क्षणी मला कळलं की माझ्या आयुष्यात जे कमी आहे ते हेच. सातवीपर्यंत शिकून मला एवढीच अक्कल आली होती, हे लक्षात घ्या.

अप्पा म्हणाले, "ताई, एखादं मोठं हाड कुठे दिसलं तर सांगा बरं का." मी म्हटलं, "सांगते, पण तुमचा चष्मा द्याल?" ते हसले आणि लगेच चष्मा काढून हातात धरला. मी पुढे पळाले. पळाले अशासाठी, की मी कायद्यानं वागणारी मुलगी. मुरुमवाल्यांच्या कुदळीनं दरड कापून थोरलीचा अर्धा खालचा जबडा बाहेर डोकावत होता, दाढांसकट. मी एक काटकी शोधली, जबड्याशेजारच्या ओल्या मातीत खोचली, पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केल्यासारखं केलं आणि अप्पांना म्हणाले, "हे माझं आहे." अप्पांनी जबडा अलगद सोडवून गोणपाटात गुंडाळला. चष्मा माझा झाला.

तो पुरुषी चष्मा माझ्या नाकावरून ओठांवर यायचा. मी दोन्ही काड्यांना रिबन बांधली आणि मागे गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर शेणाची पाटी आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशी मी गायरानात अवतरले. मैत्रिणी गप्प झाल्या. मी समजले, जळतायत. पाटलांच्या म्हशीनं मान वर केली, मला बघितलं आणि जी उधळली ती सरळ माझ्याच अंगावर. पाटी एकीकडे, मी दुसरीकडे, शेण दोघींच्यावर. चष्म्याची एक काच तडकली.

आत्या आली. तिनं मला उठवलं, पुसलं, चष्मा कुठून आला ते विचारलं. मी सांगितलं. ती दरडीकडे गेली. परत आली तेव्हा तिची बोटं ओल्या मातीनं भरली होती.

"खालचा जबडा कुठाय, शके?"

"मी खूण केली होती," मी म्हणाले. "गावाची रीतच आहे."

तिनं मातीचे हात पदराला पुसले. मग नुसतं म्हणाली, "व्हय. रीत हाय खरी." आणि त्या दिवशी जेवली नाही. ती रागावली असती तर मी उलट बोलले असते, माझी उत्तरं तयार होती. ती रागावली नाही, म्हणून ती उत्तरं माझ्यापाशीच राहिली.

आठवडाभरात अप्पा पुन्हा आले. आता त्यांना डोकं हवं होतं, शिंगांसकट, आणि ते काढायला दहा माणसं लागणार होती. म्हणून ते पाटलांकडे गेले. आमच्या पाटलांचं एकच दुखणं होतं, भजनाला पेटी नव्हती. टाळ होते, मृदंग होता, पाटलांचा आवाज होता (तो नसता तरी चाललं असतं), पण पेटी नव्हती. अप्पा म्हणाले, "डोकं मला द्या, वाडीला नवीकोरी पेटी देतो." पाटलांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

माणसं कुदळी घेऊन दरडीवर गेली. बघतात तर तिथं आत्याचा सगळा कळप बसलेला. चाळीस जनावरं दरडीच्या काठाला, उतारावर, पायथ्याला, शांतपणे रवंथ करत. मधोमध आत्या, काठीवर हनुवटी टेकून.

"आत्ये, उठीव की गुरं."

"बसल्यात. उठली की उठतील."

ती दिवसभर उठली नाहीत. सांजेला आत्यानं ती घरोघर पोचवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच आणून बसवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी मारुतीच्या पारावर सगळ्या वाडीला बोलावलं.

अप्पा बोलायला हुशार. हात जोडून म्हणाले, "पाटील, मी परका माणूस. तुमच्या रीतीबाहेर पाऊल टाकणार नाही. गायरानातली वस्तू ज्यानं खूण केली त्याची, हीच ना रीत? या शकूताईंनी खूण केली, आणि त्यांनी ती मला राजीखुशीनं दिली. विचारा त्यांना."

सगळा पार माझ्याकडे वळला. पारावर मुलीला कुणी काही विचारण्याची ती पहिली वेळ. मी उभी राहिले, तडकलेला चष्मा नाकावर सारला आणि शाळेत कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात सांगितलं, "होय, मी खूण केली." आजही तो आवाज आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

अप्पांनी गोणपाट सोडून जबडा पारावर ठेवला. "राक्षसाचा जबडा! असला तुकडा आख्ख्या मुलखात मिळणार नाही. मग, काढू या डोकं?"

"बगू," म्हणून आत्या पुढे झाली. तिनं जबडा दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांसमोर जीभ लावली. हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "आत्ये, मीठ बराबर हाय का?"

आत्यानं जबडा पोटाशी धरला. "पाटील, येक इचारू?"

"इचार की."

"काटकी कशावर खोवायची?"

"शेणावर. सरपणावर. करवंदीवर, मोहळावर."

"तुमची कपिली दुपारची चिंचंखाली बसती. ह्या शकीनं तिच्या पाठीवर काटकी ठिवली, तर सांजच्याला कपिली कुनाच्या दावणीला जायाची?"

पुन्हा हशा. पाटीलही हसले. "आमच्याच की! खूण शेणावर असती, गाईवर कुठं असती?"

"मंग झालं तर," आत्या म्हणाली. "ही गाय हाय."

अप्पा सगळ्यांत जास्त हसले. "गाय? अहो बाई, एवढी दाढ आहे, आणि गाय? दगड आहे तो."

"तोंड बगू या," आत्या म्हणाली. "सर्ज्याला आना."

सर्ज्या म्हणजे पाटलांचा म्हातारा बैल. कुणीतरी तो पाराशी आणून उभा केला. आत्यानं त्याच्या कानात काहीतरी पुटपुटून जबडा फाकवला, जीभ एका बाजूला ओढून धरली आणि दुसऱ्या हातानं तो दगडी जबडा तोंडाशेजारी नेला. "या पाटील, घाला डोळा. ह्या दाढंवर काय दिसतं? दोन चंद्रकोरी, पाठीला पाठ लावून. आता ह्या दाढंवर बगा. हितंबी त्याच. घोड्याची दाढ अशी न्हाई. रानडुकराची न्हाई. राक्षसाची मी बगितली न्हाई, तुमी बगितली असंल तर सांगा. आन् झीज बगा, कोरी पार सपाट झाल्यात. लई वर्सं चारा खाल्लाय हिनं. म्हातारी हाय. धा वेतं तरी झाली असतील."

पाटील वाकले. एकदा बैलाच्या तोंडात, एकदा दगडाकडे, पुन्हा बैलाच्या तोंडात. सर्ज्यानं कंटाळून त्यांच्या फेट्यावर लाळ सोडली. त्यांना कळलंही नाही. पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर हवेत विरघळताना मला दिसत होती. पण पाटील गुरांचा माणूस. गुरांच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता यायचं नाही.

"आयला," ते म्हणाले. "गाय हाय."

दोघा-तिघांनी टोप्या सारख्या केल्या. एक म्हातारी पुढे येऊन हात जोडायला लागली तशी आत्या कडाडली, "हात जोडू नगा! देव न्हाई ती, गाय हाय. दगुड म्हनलात तर फोडाल, देव म्हनलात तर शेंदूर फासाल. हाय ती ऱ्हाऊ द्या की तिला."

अप्पाही कच्चे नव्हते. म्हणाले, "ठीक आहे, गाय तर गाय. पण मेलेल्या गाईची हाडं लोक विकतातच की."

"मालक इकतो," आत्या म्हणाली. "हिचा मालक हितं कोन हाय त्यानं उभं ऱ्हावं."

कुणी उभं राहिलं नाही.

"मंग ऐका. मी तुमची चाळीस जित्राबं राखते. त्यातलं येकबी माजं न्हाई. माजं न्हाई म्हनूनच तर तुमी निर्धास्त माज्या हवाली करता. ही येकेचाळिसावी. हिला मालक न्हाई म्हनून ही कुनाचीबी, आसं म्हनून मी हिला आज जाऊ दिली, तर उद्या सकाळी तुमची चाळीस माज्यामागं धाडाल का? सांगा, पाटील. धाडाल का?"

पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. पार त्यांच्याकडे बघत होता.

"न्हाई धाडणार," ते म्हणाले. मग अप्पांकडे वळून, "राव, तुमची पेटी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमी टाळावर भागवू."

अहो, काय ओरडा झाला! ज्यांना त्या सकाळपर्यंत दरडीत काय आहे याची पर्वा नव्हती तेही ओरडत होते. अप्पा म्हणाले, "मग माझा जबडा तरी द्या. माझा चष्मा गेलाय त्यात." आत्यानं जबडा सोडला नाहीच, माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "शके."

मी गाठ सोडली आणि चष्मा दिला. चष्मा काढल्यावर जग स्वच्छ दिसलं, सत्य उमगलं, असं काही झालं नाही. ऊन लागलं आणि रडू आलं. अप्पांनी तडकलेली काच बघितली, सुस्कारा सोडला आणि तोच चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांची फटफटी सुरू होईना, तेव्हा अख्ख्या वाडीनं मोठ्या आनंदानं धक्का मारला.

मला वाटलं, आता आत्या माझ्याशी बोलायची नाही. ती म्हणाली, "सातवी पास हायेस न्हवं? कागुद आन." मुरुमवाले पुन्हा येणार, पाऊस पुन्हा येणार, हे तिला दिसत होतं. थोरलीला आता घरी पोचवायला हवं होतं, आणि पुण्याच्या कॉलेजात असली हाडं जपणारे मास्तर असतात हे मीच तिला सांगितलं होतं. पुस्तकात वाचलेलं माझ्या आयुष्यात प्रथम कुणाच्या उपयोगी पडलं.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "आमच्या गायरानात येक लई म्हातारी गाय बसलीय. नेताना मोडू नका. न्यायची तर सगळी न्या, न्हाईतर काहीच नेऊ नका. आन् गावाचं नाव लावा." मग थांबून म्हणाली, "हे लिवू नगं. माजा नवरा आजारी व्हता तवा म्हायेरी येऊन मीच तिची येक फासळी वैदूला दिली व्हती, उगाळाया. नवरा गेला. फासळीबी गेली. तवापासून मी राखते तिला."

मी मान खाली घालून पाकिटावर पत्ता लिहिला: "हाडांचे मास्तर, मोठे कॉलेज, पुणे." पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते एका हाडांच्या डॉक्टरांचं होतं, आणि 'म्हातारी गाय' म्हणजे कुणी गरीब म्हातारी अशी त्यांची समजूत झालेली. "रुग्णास बैलगाडीत न हलवता फळीवर निजवून आणावे." सातवी पास! आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. पण तो भला माणूस असावा, कारण दुसरं पत्र गेल्यावर त्यानंच ते योग्य जागी पोचवलं, आणि एके दिवशी सायकलीवरून एक सर आले, बरोबर दोन विद्यार्थी.

सर दरडीशी गेले, खाली बसले, एक तुकडा उचलला, रुमालाला पुसला आणि जिभेला लावला.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आपली नदीकडे बघत उभी राहिले. नदी छान दिसत होती.

तीन आठवडे काम चाललं. कुंचल्यांनी, सुयांनी, चमच्यांनी. मुरमाच्या लॉऱ्या पाटलांनी स्वतः अडवून पार पलीकडे घालवल्या. डोकं मोकळं झालं तेव्हा शिंगांची लांबी बघायला पाटील शेजारी जमिनीवर आडवे झाले, दोन्ही हात ताणून. तरी दोन्ही टोकं त्यांच्या बोटांच्या पुढे. सर म्हणाले, आता कुठेच नाही असलं रानटी जनावर आहे, हजारो वर्षांपूर्वीचं, आणि एका जागी इतकं सलग सहसा मिळत नाही. मग जरा अडखळत म्हणाले, "पण बाई, शिंगांवरून हा बहुधा बैल असावा."

"सर, तुमी किती बैल राखलं?" आत्यानं विचारलं.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विषय बदलला.

न्यायच्या दिवशी प्लास्टरमध्ये गुंडाळलेली थोरली दोन बैलगाड्यांत भाताच्या काडावर ठेवली. आत्याला शिंगांना गुलाल लावायचा होता, सर घाबरले, शेवटी प्लास्टरवर लावायचं ठरलं. पुढे टाळ-मृदंग, पाटलांचा आवाज, मागे सगळी वाडी. थेरगावातून औंधच्या रस्त्याला लागलो तेव्हा लोक दारांत येऊन विचारायचे, "कुणाचं लगीन?"

"लगीन न्हाई," पाटील गाणं थांबवून सांगायचे. "आमची गाय कालेजात चाललीय."

"शिकाया?"

"छ्या! शिकवाया!"

वर्षभरानं सरांनी आम्हाला बोलावलं. मोठ्या दालनात काचेआड थोरली उभी, म्हणजे डोकं, दोन्ही जबडे आणि पुढचा पाय. खाली पाटी. वरची ओळ इंग्रजीत होती, ती मला वाचता आली नाही. मी वाचता आल्यासारखं तोंड केलं. खाली मराठीत आमच्या वाडीचं नाव, मग "गुरे राखणाऱ्या बायजाबाई यांनी अनेक वर्षे जागेवर जपली", आणि कंसात "थोरली". मी ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं मला आणखी दोनदा वाचायला लावलं. मग सरांनी वर्गातल्या मुलांना बोलावलं, आणि माझी अंगठाबहाद्दर आत्या त्या चाळीस-पन्नास पँटवाल्या मुलांना दाढांवरून वय कसं ओळखायचं ते तासभर सांगत होती. मुलं लिहून घेत होती. एकानं मागून काहीतरी टिंगल केली, तर आत्या म्हणाली, "हिकडं ये रं, आ कर बगू." त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं.

पुढे गायरान गेलं. कंपन्या आल्या, कुंपणं आली, घराघरातली पोरं शिफ्टला जायला लागली. चरायला जागा नाही तर गुरं कशाला, म्हणून एकेक दावण रिकामी झाली. कपिलीची वासरं गेली, म्हशी गेल्या. विकताना लोक आत्याच्या दारावरून जायचं टाळायचे. आत्यानं मात्र काठी टाकली नाही. नव्वदीच्या घरात गेली, तरी सकाळी ओट्यावर येऊन बसायची.

शेवटच्या वर्षी पाटलांचा नातू कंपनीच्या गणवेशात समोरून चालला होता. त्याला चेष्टेची लहर आली. "आत्ये, कळप कुठं गेला गं तुजा?"

आत्यानं त्याला खालून वर बघितलं आणि हसली. दात नव्हते, पण हसू भरगच्च होतं.

"इकली की रं तुमी सगळी," ती म्हणाली. "येक सोडून."